दसऱ्याची पहिली बिजागरी

आमच्या घरात दसरा म्हणजे सोनं लुटणं, आपट्याची पानं वगैरे कधीच नव्हतं. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, विहारात जाऊन वंदना घ्यायची आणि घरी येऊन खीर खायची. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सासऱ्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सासरे लहान होते. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सोहळा पाहिला होता. ते अजून त्या खांद्यावरून खाली उतरलेच नाहीत, असं मी नवऱ्याला चिडवायचे. अर्थात सासऱ्यांच्या कानावर जाणार नाही इतपत आवाजात.

नवरा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या शेडमध्ये प्रेसवर होता. पायाने पेडल दाबलं की मशीनचा वरचा जड भाग दणकन खाली येतो आणि पत्र्यातून बिजागरीचं पान कापून निघतं. दारा-खिडक्यांना लागते ती बिजागरी. लग्नानंतर कितीतरी दिवस तो कुणाच्या घरी गेला की आधी दाराच्या फटीत डोकवायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ‘आपली आहे,’ असं म्हणायचा. जसं काही पोरगीच दिलीय त्या घरात.

मालक बदलापूर गावातला. जमिनीचे पैसे आले त्यातून त्याने ती शेड घेतली होती. माणूस वाईट नव्हता. आता हे लिहिताना माझे दात आवळले जातात, पण नव्हता. माझ्या बाळंतपणात त्याने स्वतःची गाडी पाठवली होती. फक्त भित्रा होता. सरकारी माणूस दारात उभा राहिला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या शेडमध्ये दसऱ्याची एक रीत होती. आदल्या दिवशी सगळी मशीनं धुवायची, रंगाचा हात मारायचा. प्रेसच्या पुढे जाळीचा एक पिंजरा असतो, त्याला गार्ड म्हणतात. मशीन चालू असताना आत हात जाऊ नये म्हणून तो. पण गार्ड असला की झेंडूच्या माळा नीट बसत नाहीत, म्हणून त्या दिवशी तो काढून भिंतीला टेकवून ठेवायचे. दसऱ्याला शेड बंद, पण सगळे आंघोळ करून यायचे. मालकाची आई गावातून यायची, नारळ फुटायचा, आणि मग एकच मशीन एकदाच चालवायचं. निघालेलं पहिलं पान चिमट्याने नाही, हाताने उचलायचं. शुभ कामाला चिमटा लावत नाहीत. म्हातारी त्याला कुंकू लावून घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवायची.

ते मशीन दर वर्षी माझा नवरा चालवायचा, कारण तोच सगळ्यांत जुना. नारळ फुटेपर्यंत तो बाहेर, शेडच्या दाराशी उभा असायचा. मग हाक आली की आत जायचा, पेडल दाबायचा, पान उचलून म्हातारीच्या हातात द्यायचा आणि तडक विहारात. ‘पूजा त्यांची, मशीन माझं,’ असा त्याचा हिशेब होता. सासऱ्यांनाही तो पटलेला होता. युनियनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, मालकाने बोलावलं की कामावर जावं लागतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

त्या वर्षी नारळ फुटल्यावर म्हातारी स्वतःच दाराशी आली. हातात कुंकवाची वाटी होती. ‘वाक रं बाला,’ म्हणाली. हिची उंची ती काय, याच्या छातीएवढी. तो वाकला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

मग तो आत गेला. पेडल दाबलं, पान निघालं, आणि ते उचलायला त्याने हात घातला. त्या जातीच्या जुन्या प्रेसला एक खोड असते. कधीतरी पाय काढला तरी ती दुसऱ्यांदा खाली येते. कामगार तिला डबल मारणं म्हणतात. गार्ड असता तर हात आत जाऊच शकला नसता. गार्ड भिंतीला टेकवलेला होता, त्यालासुद्धा झेंडूची माळ घातलेली होती.

मी विहारात होते. माझ्या शेजारी त्याच्यासाठी चटईवर जागा धरून ठेवली होती, आणि पर्स ठेवली म्हणून एका बाईशी वादही घातला होता. फोन आला तेव्हा मी तिच्याकडे रागाने बघत होते.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला. ‘सही गेली, अंगठा राहिला,’ तो शुद्धीवर आल्यावर म्हणाला. हा त्याचा विनोद. मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन वर आले आणि मलासुद्धा हसू आल्यासारखं केलं.

मालक आला तो ढसाढसा रडतच. ‘वहिनी, पॉलिसी आहे. कामगारांची पॉलिसी मी दर वर्षी भरतो. एक रुपया तुमचा जाणार नाही.’ खरंच भरत होता. त्याचं रडणंही खरं होतं. पण दोन दिवसांत कारखाना निरीक्षक शेडवर आले आणि त्यांनी गार्ड कुठे आहे असं विचारलं. तिथे मालकाची गाळण उडाली. त्याने लिहून दिलं, की त्या दिवशी सुट्टी होती, कामगारांना फक्त पूजेला बोलावलं होतं, मशीन चालवायला कुणी सांगितलं नव्हतं, ऑपरेटरने आपल्या हौसेने चालू केलं.

हे त्याने मलाच सांगितलं, ते पण धीर द्यायला म्हणून. ‘घाबरू नका वहिनी. ते निरीक्षकाकडचं झालं. इन्शुरन्सवाले वेगळे, निरीक्षक वेगळे.’ त्याला खरोखर तसं वाटत होतं. एका साहेबाला सांगितलेलं दुसऱ्या साहेबाला कळत नाही, अशी त्याची समजूत होती. हलगर्जीपणाचा डाग पुसायला गेला आणि माझ्या नवऱ्याचं कामच पुसून आला.

मी तेव्हा उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कपड्याच्या दुकानात होते. शेठचं गोदाम एकदा जळालं होतं, त्यामुळे विम्याच्या बाबतीत ते स्वतःला वकीलच समजायचे. म्हणाले, ‘बेटा, इन्शुरन्सवाला आयेगा. पानी पिलाना, चाय मत पिलाना. चाय पे आदमी बोलने लगता है.’ मी हसले. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची सोय नाही.

तो आला. तिशीचा असेल, पायातले बूट बाहेर काढून आला, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. विमा कंपनीकडून चौकशीला आलो, म्हणाला. चहा घेतला. हात बघून हळहळला. मग नवऱ्याला म्हणाला, ‘काका, तुम्ही त्या दिवशी तिथे होता याचं काही असेल ना? फोटो वगैरे?’

माझा नवरा खूश झाला. आपण त्या दिवशी तिथे होतो हे कुणी मानलंच नाही तर काय, हीच त्याला इतके दिवस धास्ती होती. हजेरी नाही, सुट्टीचा दिवस. आणि इथे तर चक्क फोटो होता! डाव्या हाताने चाचपडत त्याने स्वतःच मोबाईल काढला, ग्रुपवर आलेला तो फोटो उघडला आणि त्या मुलाच्या हातात दिला. शेडचं दार, माळा, मागे मशीन, आणि पुढे हा, पांढऱ्या शुभ्र शर्टात वाकलेला, कपाळावर म्हातारीचा अंगठा.

त्या मुलाने फोटो स्वतःकडे पाठवून घेतला. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी मान लांब करून तो पाहिला. त्यांनी तो तोवर पाहिलेला नव्हता. चहाचा कप खाली ठेवला आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. त्या मुलाने मला विचारलं, ‘आजोबांना बरं वाटत नाही का?’

त्या दिवसापासून घरात एक प्रश्न येऊन बसला. सासऱ्यांनी तो तोंडाने कधी विचारला नाही. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, चार भांडी आपटली असती आणि मोकळे झालो असतो. पण ते विहारात एकटे जायला लागले. जेवताना लेकाच्या डाव्या बाजूला बसायला लागले, म्हणजे उजवा हात दिसायला नको. देवांची पूजा करणार नाही म्हणणाऱ्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस तो. लेकाचा हात गेला याचं दुःख करायचं, की कपाळाचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मला त्यांची कीव यायची आणि भयंकर रागही यायचा. नवरा म्हणायचा, ‘जाऊ दे, बोलतील.’

विमा कंपनीने पैसे नाकारले आणि आम्हाला कोर्टात जावं लागलं. आमचे वकील उल्हासनगरचेच. दमलेला माणूस, पण सरळ. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘बाकी सगळं सोडा. भांडण एकाच गोष्टीचं आहे. हा माणूस कामाला गेला होता की पूजेला? कामाला असेल तर विमा कंपनीला द्यावंच लागेल. पूजेला असेल आणि मशीन आपल्या मर्जीने चालवलं असेल, तर कुणीच काही देणार नाही.’

‘अहो साहेब, आम्ही बौद्ध,’ मी म्हणाले. ‘आम्ही पूजेला कशाला जाऊ?’

‘तेच मी कोर्टाला सांगणार होतो, ताई. पण हा फोटो आहे.’

मग ते नवऱ्याला म्हणाले, की कोर्टात विचारलं तर सांगा, मालकाची आई होती, नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून वाकलो. जबरदस्ती होती असं सांगा. म्हणजे ते कुंकूसुद्धा नोकरीतच धरलं जाईल. शिवाय तिकडचं एक माणूस तरी हवं, जे म्हणेल की याला मशीन चालवायला सांगितलं होतं.

बरोबरच्या कामगारांकडे मी गेले. एक गावी निघून गेला होता. एक म्हणाला, भाभी, मैं तो नारियल फोड रहा था. नारळ आधीच फुटला होता हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याची पोरं अंगणात खेळत होती. मी जास्त ताणलं नाही.

राहिली म्हातारी. नवऱ्याला न सांगता मी बदलापूर गावात तिच्या घरी गेले. मालक नव्हता. तिने मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं.

‘पोराचा हात कसा हाय गो?’

‘हात नाही, आजी. तळवा आहे.’

ती मग उठली आणि मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. देवांच्या पायाशी बिजागरीची पानं ओळीने मांडलेली होती, दर दसऱ्याचं एक. जुनी गंजून काळी पडलेली. शेवटचं चकचकीत होतं, पण मधोमध चेपलेलं, एका बाजूला वाकलेलं. तिने ते धुतलेलं होतं आणि त्याला कुंकू लावलेलं होतं.

‘हे ठेवलंत तुम्ही?’

‘टाकू कशी? त्या दिवसाचा हाय.’

‘मग तेवढंच कोर्टात येऊन सांगा, आजी. दर वर्षी हा पहिला पीस निघतो, तुम्ही मागता, तुमचा मुलगा सांगतो आणि हे काढून देतात. बाकी काही सांगू नका. तुमच्या मुलावर मला राग नाही.’ हे मात्र मी खोटं बोलले.

‘मीच बोलले व्हते त्याला,’ ती म्हणाली. ‘फिरव बाला, मुहूर्त टळतो.’ आणि पदराने डोळे पुसत तिने माझा हात धरला. ‘पन माजे पोराला आत टाकतील ना गो?’

मी तिला खात्री देऊ शकले नाही. वकिलांनी मला तशी खात्री दिली नव्हती. तिच्या दारातून निघताना मला वाटलं होतं, येईल. आई आहे, पण देवभोळी आहे, देवासमोर ठेवलेलं नाकारणार नाही.

ती आली. मालकाच्या बाजूने आली. साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, ‘सगली पोरं पूजेला आली व्हती. मी कुंकू लावला. मंग मी भायेर बसले. मशीन कोनी चालवला, मना ठावं नाय.’ माझ्याकडे तिने बघितलं नाही. खाली उतरली तेव्हा बसायला जागा नव्हती. माझा नवरा बाकावरून उठला आणि त्याने तिला आपली जागा दिली. मी त्याचा शर्ट मागून ओढत होते, तरी उठला.

मग त्याची पाळी आली. विमा कंपनीचे वकील अगदी सौम्य आवाजात बोलणारे होते.

‘कामावर रोज पांढरे कपडे घालून जाता?’

‘नाही. ग्रीस लागतं.’

‘मग त्या दिवशी?’

‘तिथून विहारात जायचं होतं. आमचा दिवस असतो.’

‘म्हणजे तुमच्यासाठीही सणच होता.’

तो विचारात पडला. खोटं नव्हतं. ‘हो,’ म्हणाला.

‘या फोटोत तुम्ही वाकलेले दिसता. कुणी जबरदस्ती केली होती?’

आमचे वकील खोकले. मी मुठी आवळून बसले होते. एक शब्द, फक्त एक ‘हो’. म्हातारी समोरच बसली होती, त्याच्याच जागेवर, पदर तोंडाला लावून. त्याने तिच्याकडे पाहिलं.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘म्हातारं माणूस होतं. वाकलो.’

मला त्या क्षणी त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, आणि त्याला कुशीतही घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदमच. दोन्हीपैकी काहीच कोर्टात करता येत नाही.

निकाल लागला तेव्हा सासरे घरीच होते. गुडघ्यांमुळे त्यांना एवढा प्रवास झेपत नसे. अर्ज फेटाळला होता. सुट्टीच्या दिवशी, धार्मिक कार्यक्रमाला, स्वतःच्या इच्छेने हजर. मशीन चालवायचा कुणाचा आदेश सिद्ध होत नाही. वकील म्हणाले, वर अपील करता येईल. आम्ही मान डोलावली. दोघांनाही माहीत होतं की आता अंगात तेवढं उरलेलं नाही.

येताना नवरा एकदाच बोलला. ‘बाबांना काय सांगायचं?’

भरपाई गेली हे मला कळत होतं. घर कसं चालवायचं हा प्रश्न उद्या सकाळी उठून पुढे उभा राहणार होता. पण त्याला तो पडलेला नव्हता. त्याच्या बापाने इतके दिवस मनात धरून ठेवलेला प्रश्न न्यायाधीशांनी सोडवून टाकला होता, तोही सरकारी भाषेत. स्वतःच्या इच्छेने, पूजेला. मी म्हणाले, ‘तुम्ही काही बोलू नका. मी सांगते.’

सासरे खाटेवर बसून होते. आम्ही आत शिरताच म्हणाले, ‘काय झालं?’

‘कोर्टाने मानलं, बाबा,’ मी म्हणाले. ‘हे कामावरच होते, असं म्हणाले साहेब. पूजेचा काही संबंध नाही म्हणाले.’

म्हातारीला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते. आणि आता माझीही जीभ तितकीच सहज वळली.

‘मग भरपाई?’

‘भरपाई नाही.’

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुसऱ्यांच्या असल्या केसेस लढवण्यात त्यांची हयात गेली होती, हे मी त्या घाईत विसरूनच गेले होते. ‘कामावर होता आणि भरपाई नाही,’ ते म्हणाले, ‘असा निकाल नसतो, सूनबाई.’

माझ्याकडे पुढचं खोटं तयार नव्हतं. ते लेकाकडे वळले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

‘तू सांग. पूजेला गेला होतास का?’

माझ्या डोक्यात सणक गेली. कोर्टाने विचारलं ते विचारलं, आता घरातही तेच! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा खाली जमिनीवर, त्यांच्या पायांपाशी बसला. खांद्यावरच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला उजवा हात त्याने बाहेर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

‘पूजेला गेलेल्या माणसाचा हात असा होत नाही, बाबा.’

कोर्टात त्या हाताचं सर्टिफिकेट सगळ्यांनी वाचलं होतं. हात बघायला कुणी मागितला नव्हता. सासऱ्यांनी उशाचा चष्मा चाचपून डोळ्यांवर लावला, तो हात दोन्ही हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला, जिथे बोटं संपतात तिथून अंगठा फिरवला.

‘दुखतं का रे अजून?’

‘बोटं दुखतात,’ तो म्हणाला.